हात कुठे धरायचा?



मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मला अर्धांगवायू बारा वेळा झाला. दुपारी दीड वाजता मी बरी झाले, डब्यातली पोळीभाजी खाल्ली आणि बस पकडून अश्दोदला घरी आले.

ही काय थट्टा, असे तुम्ही म्हणाल. थट्टा नाही. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि त्या परीक्षेतली पेशंट मी होते. आमच्या मोआदोनमधल्या एका मैत्रिणीने मला ही बातमी दिली. एका कॉलेजला साठीच्या पुढची, हिब्रू बरे बोलणारी आणि सोंग करायला न लाजणारी माणसे हवी होती. तासावर थोडे पैसेही मिळतात. अर्जात मी "निवृत्त नर्स" असे लिहिले, तर दुसऱ्याच दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मध्येच मुलांना शिकवायला लागणार नाहीस ना?" मी म्हटले, नाही. हे वचन पाळणे मला किती जड जाणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आपल्यापैकी पुष्कळजणांच्या घरी कुपात खोलीमकडून फिजिओथेरपीवाली मुलगी किंवा मुलगा येतो. कोणाचा गुडघा बदललेला, कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले, कोणाला झटका येऊन गेलेला. ही मुले आपल्या अंगाला हात लावतात, आपल्याला उठवतात, चालवतात. त्यांना हे येते की नाही, हे कोणी आणि कसे ठरवले? मी छत्तीस वर्षे वॉर्डात काढली, पण या प्रश्नाकडे कधी नीट पाहिले नव्हते. म्हणून आज औषधे आणि पथ्य बाजूला ठेवून या परीक्षेविषयी लिहिते.

आधी आमच्या वेळची परीक्षा सांगते. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मराठीतून शिकून मी मुंबईतच नर्सिंगला गेले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलावर चिठ्ठ्या असत. मी उचललेल्या चिठ्ठीत स्पंज बाथ आला आणि पेशंट म्हणून मिळाले एक तापट आजोबा. पाणी गार आहे म्हणून त्यांनी माझ्या हातातले भांडेच ढकलून दिले. माझ्या मैत्रिणीला आली पट्टी बदलण्याची चिठ्ठी आणि पाच वर्षांची एक गोड मुलगी. ती सारा वेळ हसत बसली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्याकडे ओल्या साडीने बघत होत्या, तेव्हाच मी ओळखले की माझे काही खरे नाही. काठावर पास झाले. मैत्रिणीला पहिला वर्ग मिळाला. ती माझ्याहून हुशार होती हे खरे, पण इतकी नव्हती!

म्हणजे परीक्षा आमच्या हाताची कमी आणि नशिबाची जास्त. एक पेशंट, एक परीक्षक, त्या दिवशी त्यांचा मूड कसा, त्यावर सगळे. डॉक्टरांच्या परीक्षेतही हीच रड होती. स्कॉटलंडमधल्या डंडी गावी डॉ. रोनाल्ड हार्डन यांनी यावर उपाय काढला आणि १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापला. एका मोठ्या परीक्षेऐवजी लहान लहान परीक्षांची रांग लावायची. प्रत्येक ठिकाणी एकच काम आणि ठरावीक मिनिटे. घंटा झाली की विद्यार्थ्याने पुढच्या खोलीत जायचे. सगळ्यांना तोच पेशंट, तोच परीक्षक आणि तोच मार्कांचा कागद. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून "ऑस्की" म्हणतात. पुढे नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, सगळीकडे ती गेली.

पण बारा विद्यार्थ्यांना "तोच पेशंट" कसा द्यायचा? खऱ्या आजारी माणसाला बारा वेळा उठवून बसवले तर तो परीक्षेआधीच संपेल. याचे उत्तर अमेरिकेत आधीच सापडले होते. डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६०च्या दशकात धडधाकट माणसांना आजाऱ्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवायला सुरुवात केली. लोक त्यांना हसले, हे कसले नाटक म्हणाले. आज जगभर ते नाटक चालते. आपल्या इथे तेल हशोमेरच्या शिबा हॉस्पिटलात २००१ साली असल्या शिक्षणाचे मोठे केंद्र उभे राहिले. ते उभारणारे डॉ. अमिताय झिव आधी हवाई दलात वैमानिक होते. वैमानिक आपल्या चुका आधी जमिनीवर, खोट्या विमानात करून घेतो, तसेच डॉक्टरांनी का करू नये, असा तो विचार.

आता माझी भूमिका. परीक्षेच्या आठ दिवस आधी आम्हाला बोलावून कागद वाटले. माझ्या कागदावर होते: वय ७२, सहा आठवड्यांपूर्वी झटका, डावा हात आणि डावा पाय लुळा, चाकाच्या खुर्चीत बसलेली. विद्यार्थ्याने तिला खुर्चीतून पलंगावर न्यायचे.

कागद वाचला आणि मी तो उलटा करून मांडीवर ठेवला. डावी बाजूच का दिली, असे मनात आले.

आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा मला निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झाले होते. डावी बाजू गेली. वाचा शाबूत होती, विनोदही शाबूत होते. दुसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलात एक तरुण फिजिओथेरपिस्ट आला. हॉस्पिटलचे नाव सांगून आता उपयोग नाही. तो घाईत होता, पण गोड बोलणारा होता. ह्यांना पलंगाच्या कडेला बसवले आणि "चला, उभे राहू" म्हणत त्याने ह्यांचा डावा हात मनगटाजवळ धरून ओढला. दुसरा हात काखेत घातला. हे कळवळले. त्या दिवसापासून तो खांदा जो दुखायला लागला, तो शेवटपर्यंत. रात्री कूस बदलता येत नसे. मी न्याय करून सांगते, अर्धांगवायूत खांदा आपोआपही पुष्कळदा दुखतो. सगळा दोष त्या एका ओढण्याचा, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण मी पलंगापासून दोन हातांवर उभी होते. त्याचा हात कुठे चालला आहे ते मला दिसत होते. नव्या नर्सेसना मीच तर शिकवत असे की लुळा हात ओढायचा नाही. आणि मी गप्प राहिले. त्या दिवशी मी नर्स नव्हते, पेशंटची बायको होते. पांढऱ्या कोटातल्या माणसाला बायकोने कसे टोकायचे, अशी काहीतरी भीड पडली.

त्या भिडेची किंमत ह्यांनी दिली. मी नाही.

लुळा हात का ओढायचा नाही, हे आता सांगून टाकते, कारण हे घरात सगळ्यांना माहीत हवे. आपला खांदा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू समजा. खुब्याचा सांधा खोल वाटीसारखा असतो, खांद्याचा तसा नसतो. त्या चेंडूला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. झटक्यानंतर स्नायू ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनाने चेंडू खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट टेकवले तर कधी कधी बोटभर खळगा लागतो. अशा सांध्याला वरून हिसका दिला किंवा काखेत हात घालून उचलले, तर आतले मऊ भाग ताणले जातात, चिमटतात. म्हणून उठवताना कमरेला धरायचे. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो असेल तर उत्तम. बसलेले असताना तो हात उशीवर किंवा खुर्चीच्या रुंद हातावर टेकवून ठेवायचा, लोंबकळू द्यायचा नाही.

असो. परीक्षेकडे वळते.

लांब बोळ, दोन्ही बाजूंना मिळून आठ खोल्या. प्रत्येक दारावर एक कागद. विद्यार्थ्याने एक मिनिट बाहेर उभे राहून तो वाचायचा, घंटा झाली की आत यायचे. सात मिनिटे काम. कोणत्या खोलीत गुडघा किती वाकतो ते मोजायचे होते, कोणत्या खोलीत छातीतला कफ सुटण्यासाठी श्वासाचे व्यायाम शिकवायचे होते, एकीत स्नायूंची ताकद शून्य ते पाच या मापाने ठरवायची होती. माझ्या खोलीत पलंग, चाकाची खुर्ची, छताला कॅमेरा आणि कोपऱ्यात परीक्षक बाई. त्यांच्या हातात वीस ओळींचा कागद. त्यांनी बोलायचे नाही, मान हलवायची नाही. मी खरोखर पडण्याची वेळ आली तरच मध्ये यायचे.

त्या वीस ओळी मला नंतर पाहायला मिळाल्या. हात स्वच्छ केले का? स्वतःचे नाव सांगितले का? पेशंटचे नाव विचारून कागदाशी ताडले का? काय करणार ते सांगून परवानगी घेतली का? दुखते का, चक्कर येते का, असे विचारले का? खुर्ची पलंगाजवळ चांगल्या बाजूने लावली का? ब्रेक लावले का? पाय ठेवायच्या पट्ट्या वर केल्या का? पेशंटच्या पायात बूट आहेत का, की नुसते मोजे? पेशंटला खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकवले का, पावले मागे घ्यायला लावली का, पुढे झुकायला सांगितले का? लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याने आधार दिला का? वगैरे. यातल्या दोन ओळींपुढे तांबडी खूण होती: ब्रेक आणि लुळा हात. बाकी सगळे बरोबर आले तरी यातले एक चुकले की त्या खोलीत नापास.

मला वेगळे चार प्रश्न होते. त्याने स्वतःची ओळख दिली का? हात लावण्याआधी सांगितले का? तुला सुरक्षित वाटले का? पुन्हा त्याच्याकडे जाशील का? या चार प्रश्नांचेही मार्क धरतात. पेशंटला मार्क द्यायला सांगतील, हे आमच्या मेट्रनला कोणी सांगितले असते तर तिने त्याला बाहेर काढले असते!

पहिली मुलगी आली ती इतकी घाबरलेली, की तिचे हात माझ्यापेक्षा लुळे. पण तिने एकही पायरी सोडली नाही. दुसरीने सगळे झकास केले आणि पायाच्या पट्ट्या तशाच ठेवल्या. उठताना माझी नडगी आपटली, दोन दिवस निळी होती. चौथा मुलगा मात्र मला आठवतो तो वेगळ्याच कारणाने. त्याने वीसच्या वीस गोष्टी केल्या, रेल्वेच्या घोषणेसारख्या मोठ्याने बोलत केल्या, आणि सात मिनिटांत माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही. मला शिकवून ठेवले होते की पुढे झुकायला सांगतील तेव्हा हळूच "भीती वाटते" म्हणायचे. मी म्हटले. तो म्हणाला, "आता तू पुढे झुकणार आहेस." माझे म्हणणे त्याच्या यादीत नव्हते ना!

इथेच या पद्धतीवर वाद आहे, आणि तो मला पटतो. यादीने अन्याय टळतो, पण यादी पाठ करणाराही सुटतो. म्हणून हल्ली परीक्षक खुणा करून झाल्यावर खाली एक वेगळे मत देतो: एकंदरीत नापास, काठावर, चांगला, उत्तम. पुष्कळ वर्षे रुग्ण पाहिलेल्या माणसाचे ते एकच मत कधी कधी वीस खुणांपेक्षा खरे निघते. त्या चौथ्या मुलाला खुणा वीस मिळाल्या आणि खाली "काठावर". मी चौथ्या प्रश्नाला "नाही" लिहिले.

नववा मुलगा आला तेव्हा मी खरोखरच थकले होते. त्याने हात स्वच्छ केले, पुढे आला आणि माझ्या समोर उकिडवा बसला, म्हणजे माझे डोळे आणि त्याचे डोळे एका उंचीवर आले. ही गोष्ट यादीत नाही. नाव सांगितले. माझे विचारले आणि पुढे सबंध वेळ त्याच नावाने हाक मारली. इथे हिब्रूत सगळेच एकमेकांना "तू" म्हणतात, नातवाच्या वयाचे पोरही. आपल्याला "तुम्ही"ची सवय, त्यामुळे पहिली काही वर्षे मला ते टोचायचे. या मुलाच्या "तू"मध्ये मात्र अदब होती. त्याने विचारले, खांदा दुखतो का? मी कागदाप्रमाणे म्हटले, थोडा दुखतो. तो म्हणाला, "मग डाव्या हाताची आपण नीट काळजी घेऊ, त्याला ओढायचे नाही." ब्रेक लावले. पट्ट्या वर केल्या. मी "भीती वाटते" म्हटले, तर तो थांबला आणि म्हणाला, "मी इथेच आहे. तयार झालीस की सांग." मनात म्हटले, हा मुलगा माझ्या घरी आला तर मी रोज उठून बसेन.

मग त्याने तीन आकडे मोजले. आणि तिसऱ्या आकड्याला त्याचा उजवा हात माझ्या डाव्या मनगटाकडे निघाला.

वाचकहो, हे घडायला एक क्षण लागला असेल. पण मला तो हात येताना दिसला, आणि तो मला आधीच ठाऊक होता. मी नुसता कोपर अंगाशी घेतला असता तरी त्याला कळले असते. भुवई वर केली असती तरी पुरले असते. इतका चांगला मुलगा! पण माझे वचन होते. पहिल्या आठजणांना मी भुवई दाखवली नव्हती. आणि दुसरेही मनात आले: मी आज याला वाचवले, तर उद्या याच्या हाताखाली जो असेल त्याला कोण वाचवणार? त्याची बायको पलंगाशी उभी असेल आणि गप्प असेल.

मी हात सैल सोडला. त्याने ओढला. मला शिकवल्याप्रमाणे हिब्रूत "आय" म्हणायचे होते, तोंडातून "आई गं" निघाले. फारसा फरक नाही, कोणाच्या लक्षात आले नाही. परीक्षक बाईंचे पेन कागदावर एकदा हलले.

माझ्या चार प्रश्नांपैकी तिसऱ्यावर मी अडकले. सुरक्षित वाटले का? सहा मिनिटे वाटले, नंतर नाही. घंटा होत आली होती. मी "नाही" लिहिले. चौथ्यावर "हो" लिहिले. परीक्षक बाईंनी नंतर मला विचारले, हे दोन्ही एकदम कसे? मी म्हटले, तो शिकून आला तर त्याच्याकडे जाईन.

ही परीक्षा मुलांना हॉस्पिटलात खऱ्या रुग्णांकडे पाठवण्याआधीची होती. म्हणून संपल्यावर चुकलेल्यांना बसवून कॅमेऱ्यातले चित्र दाखवतात आणि पेशंटलाही बोलावतात. तो मुलगा आला तो गोंधळून. हात ओढलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. खोटे बोलत नव्हता, त्याला खरेच आठवत नव्हते. बाईंनी चित्र लावले. त्यात स्पष्ट ऐकू येत होते, "त्याला ओढायचे नाही," आणि पुढच्याच मिनिटाला त्याचाच हात ओढत होता. त्याने ते तीन वेळा पाहिले. मग आपल्या हाताकडे पाहिले, दुसऱ्या कोणाचा असावा तसे.

अमेरिकेतले एक शिक्षक डॉ. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक पायऱ्यांचा डोंगर मांडला, तो या मुलांना शिकवतात. सगळ्यात खाली, माहीत असणे. त्यावर, कसे करायचे ते माहीत असणे. त्यावर, करून दाखवणे. शिखरावर, रोजच्या कामात, कोणी बघत नसताना तसे करणे. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्या तपासते. ऑस्की तिसरी. चौथी कोणत्याही एका सकाळच्या परीक्षेत तपासता येत नाही, म्हणून वॉर्डातल्या शिक्षकाने महिनोन् महिने लक्ष ठेवायचे असते. हा मुलगा दुसऱ्या पायरीवर पक्का होता. माणूस पडेल असे वाटले की आपला हात जवळ जे सापडेल ते धरतो, लहान मूल रस्त्यात धावले की दंड धरतो तसा. ती सवय मोडायला हाताला दुसरी सवय लावावी लागते, आणि ती शंभरदा करूनच लागते.

बाईंनी मला विचारले, तुला काही सांगायचे आहे? आता शिकवायला परवानगी होती. पण मी शिकवले नाही. त्याला आमच्या ह्यांच्या खांद्याचे सांगितले. मी गप्प राहिले तेही सांगितले. हे मी माझ्या मुलींनाही सांगितले नव्हते. तो काही बोलला नाही. जाताना त्याने विचारले, "मी तुझ्यावर पुन्हा करून बघू का? आत्ता?" बाईंनी घड्याळ पाहिले आणि हो म्हटले. आम्ही सहा वेळा केले. पाचव्या वेळेपासून त्याचे हात आपोआप कमरेकडे जाऊ लागले. तीन आठवड्यांनी त्याची फेरपरीक्षा झाली. तिथे पेशंट म्हणून मला मुद्दाम घेतले नाही, कारण आता आमची ओळख झाली होती. तो पास झाला, एवढे बाईंनी फोनवर सांगितले.

नंतर मी आणखी दोन परीक्षांना गेले. एकदा माझा गुडघा बदललेला होता आणि मुलांनी मला काठी द्यायची होती. एका मुलीने दुखऱ्या पायाच्याच बाजूच्या हातात काठी दिली. मला हसू आवरेना, कारण आमच्या मोआदोनमध्ये निम्म्या बायका अशीच धरतात! काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे, म्हणजे त्या पायावरचा भार काठी वाटून घेते. उंची अशी, की बूट घालून सरळ उभे राहून हात सोडला तर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिन्याला कठड्याचा आधार घ्या आणि एवढे लक्षात ठेवा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

दुसऱ्या वेळी मला खुर्चीतून उठून चालायचे होते. ही तपासणी तुमचीही झाली असेल. हात असलेल्या साध्या खुर्चीतून उठायचे, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून पुढची तपासणी करतात. मुलांना मार्क घड्याळासाठी असतातच, पण त्याहून जास्त या गोष्टीसाठी, की वळताना ते पेशंटच्या किती जवळ उभे होते. घरी करून पाहायचे तर जवळ कोणीतरी उभे असू द्या. एकट्याने करू नका.

तेव्हा आता तुमच्या घरी फिजिओथेरपीवाली मुलगी येईल तेव्हा तुम्हीही मनात त्या ओळी तपासा. हात धुतले का? नाव सांगितले का? काय करणार ते आधी सांगितले का? ब्रेक लावले का? नसेल तर सांगा. हसत सांगा, पण सांगा. "बाळ, ब्रेक" एवढे दोन शब्द पुरतात. ती रागावणार नाही. परीक्षेत याच ओळी तिने पाठ केलेल्या असतात, आठवण करून दिलेली तिला आवडते. आणि रागावलीच तर रागावू दे.

ज्यांच्या घरी झटका आलेले माणूस आहे त्यांच्यासाठी आणखी एक. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदोनदा येते, पण दिवसातून दहा वेळा उठवते ती मेतापेलेत, सून, नाहीतर नातू. त्यांची परीक्षा कोणी घेतलेली नसते. फिजिओथेरपिस्ट आली की घरातल्या त्या माणसाला समोर उभे करा आणि सांगा, "हिला दाखव, आणि मग हिला करून दाखवायला लाव." नुसते बघून येत नाही, ते तुम्ही वर वाचलेच. आणि एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत "हा हात ओढू नका, कमरेला धरा" असे हिब्रूत लिहून पलंगाच्या वर चिकटवा. मेतापेलेत फिलिपाइन्सची किंवा श्रीलंकेची असेल तर इंग्रजीतही लिहा. लुळा हात कोणत्या बाजूचा ते बाणाने दाखवा.

कोणाला तो कागद नीट छापलेला हवा असेल तर संपादकांकडे निरोप ठेवा, मी पाठवीन. पुढच्या अंकात काठीच्या खालच्या रबरी टोपणाविषयी लिहायचे आहे. तोवर आपली काठी उलटी करून ते झिजले आहे का, एवढे बघून ठेवा.